अळंबीची भुकटी: आधी पातेल्यात, मग पेल्यात

रिशी नावाच्या अळंबीची भाजी होत नाही. ती विळीला दाद देत नाही, कुकरमध्ये मऊ पडत नाही, आणि कोणी हट्टाने तुकडा तोंडात टाकलाच तर जबडा दुखून येतो, तुकडा मात्र तसाच राहतो. वरची बाजू चकचकीत, तांबूस तपकिरी. आतलं अंग तंतुमय आणि कोरडं. चव अशी की कारलं परवडलं. तरीही ‘शेननोंग बेनत्साओ जिंग’ या चीनमधल्या सर्वांत जुन्या औषधी ग्रंथाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रंगांवरून तिच्या सहा जाती केल्या आणि तिला वरच्या श्रेणीच्या औषधांत जागा दिली. चिनी घरांत ती खात नसत, उकळत असत. पातळ काप करायचे, तास-दोन तास मंद आचेवर ठेवायचे, पाणी गाळून प्यायचं आणि चोथा टाकून द्यायचा.

आज तीच रिशी भुकटी होऊन डब्यात आली आहे. सोबत लायन्स मेन, कॉर्डिसेप्स, चागा, शिताके ही मंडळीही आहेत. मशरूम कॉफी, मशरूम कोको, मशरूम लाटे अशी पाकिटं आपल्याकडच्या मोठ्या दुकानांत दिसू लागली आहेत, ऑनलाइन तर ढिगाने मिळतात. त्यांतल्या कित्येकांवर एक वाक्य हमखास असतं: एक चमचा कशातही मिसळा. थंड दूध, स्मूदी, ताक, काहीही चालेल. हे वाक्य मला मुळातच खटकतं. अळंबीची साधी भुकटी पाण्यात विरघळत नाही आणि ती कच्ची खाण्याची वस्तू तर नव्हेच. ती शिजवावी लागते. किती वेळ आणि कशात, हे अळंबीगणिक बदलतं, आणि तेवढं कळलं की डब्यावरचे निम्मे दावे बाजूला ठेवूनही ही भुकटी स्वयंपाकघरात उपयोगी पडते.

अळंबी वनस्पती नाही. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, म्हणजे कुर्ल्या आणि कोळंबीच्या कवचात असतं तेच द्रव्य. आपलं पोट त्याच्यापुढे बरंचसं हतबल असतं. याच भिंतीत बीटा-ग्लुकन नावाच्या लांबलचक साखळ्या गुंफलेल्या असतात. औषधी अळंब्यांवरचं बरंचसं संशोधन या बीटा-ग्लुकनभोवती फिरतं, कारण आपल्या रोगप्रतिकारक पेशी त्यांना ओळखतात आणि प्रतिसाद देतात. दळल्याने भिंती थोड्या फुटतात, पण पुरत्या नाही. गरम पाण्यात बराच वेळ राहिल्यावर बीटा-ग्लुकनचा काही भाग पाण्यात उतरतो, आणि उकळीने तो नासत नाही. रिशीला कडूपणा देणाऱ्या ट्रायटरपीनांचं गणित वेगळं आहे. ती पाण्यात जेमतेम उतरतात, अल्कोहोलमध्ये मात्र सहज. म्हणून काही उत्पादक आधी पाण्यात आणि मग अल्कोहोलमध्ये असा दुहेरी अर्क काढतात.

डबा विकत घेताना पहिली गोष्ट बघायची ती हीच, की आत साधी भुकटी आहे की अर्काची. साधी म्हणजे अळंबी सुकवून दळलेली. अर्काची म्हणजे अळंबी उकळून, ते पाणी आटवून, सुकवून केलेली. ‘८:१’ असं लिहिलं असेल तर आठ किलो सुक्या अळंबीपासून एक किलो अर्क काढला आहे असा त्याचा अर्थ, त्यामुळे प्रमाणही त्याच हिशेबाने कमी घ्यायचं. अर्काचा शिजवण्याचा भाग कारखान्यात उरकलेला असतो, तो गरम कॉफीत ढवळला तरी काम भागतं. साधी भुकटी काचेच्या पेल्यात गरम पाण्यात टाकून पाच मिनिटं ठेवा. वर तपकिरी पाणी आणि तळाशी बोटभर गाळ दिसेल. हा गाळ ढवळून प्यायला की घशाला खरखरतो, आणि अनेकांचा पहिला पेला तिथेच शेवटचा ठरतो.

काढ्याचं शास्त्र आपल्याला नवं नाही. शार्ङ्गधराने सांगितलेली काढ्याची रीत अशी: औषधीची भरड करायची, सोळापट पाणी घालायचं आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत मातीच्या भांड्यात आटवायचं. यात भरड हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. अगदी वस्त्रगाळ भुकटी काढ्यात टाकली तर ती गाळणीतून निसटते आणि काढा चिखलासारखा होतो. रिशीचे वाळलेले काप मिळाले तर काढ्यासाठी तेच घ्यावेत. भुकटीच घरात असेल तर मलमलच्या फडक्यात सैल पुरचुंडी बांधावी. सैल अशासाठी, की भुकटी पाणी पिऊन फुगते आणि घट्ट बांधलेल्या पुरचुंडीच्या मधोमध कोरडा गोळा तसाच राहतो.

दोघांसाठी प्रमाण असं. पाच ग्रॅम भुकटी, म्हणजे चहाचे सपाट दोन चमचे, आणि चार कप पाणी. चिनी औषधकोशात काढ्यासाठी दिवसाला ६ ते १२ ग्रॅम असं प्रमाण आहे, आपण दोघांत मिळून त्याहून खालीच राहतो. पुरचुंडी गार पाण्यात अर्धा तास भिजू द्यावी. मग उकळी आणून आच मंद करावी, झाकण अर्धवट ठेवावं. पहिल्या दहा मिनिटांत पाणी फिकट पिवळं होतं आणि ओल्या लाकडाचा वास सुटतो. अर्ध्या तासाने रंग गडद चहाच्या वळणावर जातो आणि चमच्याच्या टोकाने चाखलं तर कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला येऊन थांबतो. आता ठेचलेलं आलं आणि ज्येष्ठमधाची एक बारीक काडी टाकावी. दीड कप उरला की गॅस बंद करावा, गवती चहाची पाती दुमडून घालावी, झाकण घट्ट लावून पाच मिनिटं थांबावं. गूळ आणि चिमूटभर मीठ. मिठाने काढा खारट होत नाही, कडूपणा मात्र दबतो. रक्तदाब असणाऱ्यांनी ज्येष्ठमध वगळावा, तो रोज घेतल्याने रक्तदाब वाढतो.

उकळलेलं पाणी आणि अख्खी भुकटी यांत फरक फक्त गाळाचा नाही. २००४ साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी एका ७८ वर्षांच्या बाईंची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या आधी वर्षभर रिशी पारंपरिक पद्धतीने उकळून घेत होत्या, काही त्रास नव्हता. मग त्यांनी भुकटीच्या स्वरूपातलं नवं उत्पादन सुरू केलं आणि महिनाभरात यकृताला सूज आली. दोष रिशीचा की त्या उत्पादनातल्या आणखी कशाचा, हे एका रुग्णावरून ठरत नाही. पुढे थायलंडमधूनही भुकटी घेणाऱ्या एका रुग्णाचं यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याची नोंद आली. लाखो लोक ही अळंबी घेतात, त्या मानाने अशा घटना विरळ आहेत. तरी ‘हजारो वर्षांची परंपरा’ हा शब्दप्रयोग डब्यावर दिसला की एवढं विचारावं, की परंपरा नेमकी कशाची होती? ती गाळलेल्या काढ्याची होती. चमचाभर भुकटी रोज पोटात ढकलण्याला त्या परंपरेचा आधार नाही.

आपल्याकडेही लाकडासारख्या कठीण अळंबीचा उपयोग होता आणि तोही जपूनच होता. कोकणात आणि गोव्यात जुन्या फणसाच्या खोडावर गडद तपकिरी, खडबडीत, टणक गाठ वाढते, तिला फणसोंबा म्हणतात. शास्त्रीय भाषेत ही फेलिनस प्रजातीतली बुरशी. लहान मुलाच्या तोंडातून फार लाळ गळत असेल तर हा फणसोंबा सहाणेवर पाण्यात उगाळून त्याचा लेप हिरड्यांना लावायची पद्धत होती. बाळगुटीचे जिन्नस जसे मोजून वेढे देत उगाळतात, तसाच हा प्रकार. सहाणेवर उतरतो तो अंशच. ती मात्रा आणि पाकिटातला चमचा यांची तुलनाच होत नाही.

मशरूम कॉफीबद्दल माझं मत बरं आहे, पण कारण आरोग्याचं नाही. कडूला कडू झाकतं. रिशीचा कडूपणा एकटा असला की अंगावर येतो, कॉफीच्या किंवा कोकोच्या कडूपणात मात्र तो सामावतो. दोन कपांसाठी अर्धा चमचा रिशी भुकटी एक कप पाण्यात दहा-बारा मिनिटं उकळावी, गाळावी, आणि त्या पाण्यात एक मोठा चमचा कोको, गूळ, वेलची आणि कणभर मीठ घालून पुन्हा उकळी आणावी. मग दूध. म्हशीचं सायीचं दूध असेल तर उत्तम, कारण स्निग्धांशाने कडूपणाची धार बोथट होते. शेवटी रवीने घुसळून फेस काढला की कोणाला सांगितल्याशिवाय आत अळंबी आहे हे कळत नाही. कॉफी करताना मात्र रिशी कॉफीबरोबर फिल्टरमध्ये टाकू नये. फिल्टरच्या जाळीला ती चिकटते, पाणी खाली उतरायचं थांबतं, आणि कॉफी जास्त वेळ भिजून आंबूस-कडू होते. रिशीचं पाणी वेगळं उकळून घ्यावं आणि तेच कॉफीच्या भुकटीवर ओतावं.

आता शिताके, कारण स्वयंपाकाच्या दृष्टीने या सगळ्यांतली खरी गुणी हीच. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्रशेवाळाच्या कढणातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी असं नाव दिलं. १९५७ साली अकिरा कुनिनाका यांना शिताकेतल्या ग्वानिलेट या द्रव्यातही तीच चव सापडली. पुढचा शोध स्वयंपाक करणाऱ्याच्या जास्त कामाचा आहे: ग्लुटामेट आणि ग्वानिलेट एकत्र आले की चव बेरजेने नाही, पटीने वाढते. ताज्या शिताकेत ग्वानिलेट थोडंच असतं. सुकवलेली शिताके गार पाण्यात भिजवून हळूहळू तापवली की पेशींतल्या आरएनएचं विघटन होऊन ते तयार होतं. थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर हे काम करणारी विकरं आधीच निकामी होतात. भुकटीलाही हाच नियम.

ग्लुटामेट आपल्या स्वयंपाकघरात कुठे असतं? पिकलेल्या टोमॅटोत. म्हणजे टोमॅटोचं सार आणि शिताके ही जोडी रसायनशास्त्रानेच जुळवून दिली आहे. चार लालबुंद टोमॅटो उकडून, साल काढून, गाळून घ्यावेत. एक सपाट चमचा शिताके भुकटी अर्धा कप गार पाण्यात वीस मिनिटं भिजवावी आणि त्याच पातेल्यात मंद आचेवर ठेवावी. कडेने बारीक बुडबुडे येऊ लागले, पण खळखळून उकळी नाही, अशा टप्प्यावर सात-आठ मिनिटं राहू द्यावं. वास आधी ओलसर, मातकट असतो, मग अचानक खमंग होतो. तो बदल झाला की टोमॅटोचा रस, गूळ, तिखट घालून दणदणीत उकळी काढावी. फोडणी तुपाची, जिरं, कढीपत्ता, हिंग. मीठ नेहमीपेक्षा एक तृतीयांश कमी घालून चाखावं, बहुधा तेवढंच पुरतं. ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे आणि ज्यांना अळणी जेवण जात नाही, त्यांच्यासाठी या भुकटीचा हा उपयोग मला कोणत्याही औषधी दाव्यापेक्षा मोलाचा वाटतो. शाकाहारी घरात रश्शाला, मसालेभाताला, मटकीच्या उसळीला ‘काहीतरी कमी आहे’ असं वाटतं, तिथेही अर्धा चमचा पुरतो.

शिताके कच्ची किंवा अर्धवट शिजलेली मात्र पोटात जाऊ नये. तिच्यातल्या लेंटिनान या बीटा-ग्लुकनमुळे काही जणांच्या पाठीवर, पोटावर चाबकाचे फटके मारल्यासारखे लाल खाजरे वळ उठतात. जपानमध्ये १९७७ साली हा विकार पहिल्यांदा नोंदवला गेला. त्याच लेंटिनानचं इंजेक्शन १९८५ मध्ये जपानने जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला वापरायला मंजूर केलं. ‘शिताके कर्करोगावर चालते’ हे अर्धवट वाक्य तिथूनच निघालं असावं. शिरेतून दिलेलं शुद्ध द्रव्य आणि आमटीतला चमचा या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

लायन्स मेन ही पांढरी, लोंबत्या काट्यांची अळंबी. चीनमध्ये ती भाजी म्हणूनच खातात. तिची भुकटी फिकट बदामी, चवीला सौम्य, किंचित गोडसर. स्मरणशक्तीच्या जाहिरातींमागे ज्या अभ्यासाचा हवाला दिला जातो, तो २००९ सालचा जपानी अभ्यास आहे. ५० ते ८० वयाच्या, किंचित विस्मरण सुरू झालेल्या ३० जणांवर तो झाला. निम्म्यांना १६ आठवडे या अळंबीच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना दिसायला तशाच पण निरुपयोगी गोळ्या. अळंबी घेणाऱ्यांचे गुण वाढले. गोळ्या थांबवल्यावर चार आठवड्यांत पुन्हा उतरले. अभ्यास नीट आखलेला होता, पण माणसं तीसच. दिवसाचं प्रमाण तीन ग्रॅमच्या घरात होतं, जे कॉफीच्या एका पाकिटात क्वचितच असतं. पाकिटावर मिलिग्रॅममध्ये लिहिलेला आकडा वाचला की कळतं.

तीन ग्रॅम खायचेच तर कॉफीपेक्षा थालीपीठ बरं. वाटीभर भाजणीत दोन चमचे लायन्स मेन भुकटी, कांदा, कोथिंबीर, ओवा. भुकटी पाणी जास्त ओढते, म्हणून पीठ नेहमीपेक्षा सैल भिजवावं आणि दहा मिनिटं झाकून ठेवावं, नाहीतर थालीपीठ थापताना कडा फाटतात. आणखी चांगली रीत म्हणजे भुकटी आधी तुपावर, अगदी मंद आचेवर, मिनिटभर परतून घेणं. रंग बदामीवरून खारकेवर येतो आणि भाजलेल्या तिळासारखा वास सुटतो. ही परतलेली भुकटी पिठल्यात, घावनाच्या पिठात, वरणावर, कुठेही शोभते. ती करपायला मात्र बेसनाइतकाही वेळ लागत नाही.

चागाबद्दल थोडक्यात. ही रशिया आणि उत्तर युरोपातल्या भूर्ज वृक्षावर वाढणारी, बाहेरून कोळशासारखी काळी आणि आतून गंजाच्या रंगाची गाठ. सोल्झेनित्सिनच्या ‘कॅन्सर वॉर्ड’ या कादंबरीत रुग्ण तिच्या चहाची चर्चा करतात, तिथून ती जगभर पोचली. चव सौम्य, कोऱ्या चहात खपून जाणारी. पण तिच्यात ऑक्झलेट भरपूर असतं. अळू-पालकात असतं तेच. २०१४ साली जपानमध्ये ७२ वर्षांच्या एका बाईंची नोंद झाली. यकृताच्या कर्करोगासाठी त्यांनी सहा महिने रोज चार-पाच चमचे चागा भुकटी घेतली आणि मूत्रपिंडं ऑक्झलेटने भरून डायलिसिसची वेळ आली. मुतखड्याचा इतिहास असणाऱ्यांनी चागाच्या वाटेला जाऊच नये.

कॉर्डिसेप्सची ख्याती वेगळ्याच वाटेने झाली. १९९३ मध्ये बीजिंगमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मा जुनरेन या प्रशिक्षकाच्या धावपटू मुलींनी विक्रमांची रांग लावली. वांग जुनश्याने दहा हजार मीटर २९ मिनिटं ३१.७८ सेकंदांत धावून काढलेला विक्रम २०१६ पर्यंत टिकला. प्रशिक्षकाने श्रेय दिलं कासवाच्या रक्ताला आणि अळीवर उगवणाऱ्या या बुरशीला. जगभर कॉर्डिसेप्सची मागणी उसळली. २००० साली त्याच प्रशिक्षकाच्या धावपटूंना रक्तचाचण्यांनंतर सिडनी ऑलिंपिकच्या संघातून वगळलं, आणि २०१६ मध्ये उत्तेजकं घ्यायला लावल्याची कबुली देणारं त्या मुलींचं जुनं पत्र चिनी माध्यमांत आलं. तोवर बुरशीच्या बाजाराचा जम बसलेला होता. हिमालयात पिथौरागड, चमोलीच्या उंच कुरणांवर बर्फ वितळताना गावकरी ती गुडघे टेकून शोधतात, आणि २०२० साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने तिला धोक्यातल्या जातींच्या यादीत घातलं. डब्यातली परवडणारी भुकटी ही नव्हे. ती बहुधा कॉर्डिसेप्स मिलिटारिस या नारिंगी भावंडाची असते, जी बरण्यांमध्ये भातावर वाढवतात.

या भातावरूनच खरेदीचा कळीचा मुद्दा निघतो. काही उत्पादक अळंबीचं फळ, म्हणजे छत्री, काढून दळतात. काही जण धान्यावर बुरशीचं जाळं वाढवून ते धान्यासकट दळतात. दुसऱ्या प्रकारात डब्यातला बराच भाग तांदूळ किंवा ज्वारी असू शकतो. ‘पॉलिसॅकराइड ४० टक्के’ असा आकडा ठळक छापलेला असतो, पण स्टार्च हेही पॉलिसॅकराइडच. बीटा-ग्लुकन किती, हे वेगळं लिहिलेलं असेल तरच त्याला अर्थ. घरी एक साधी परीक्षा करता येते. अर्धा चमचा भुकटी थोड्या पाण्यात उकळून पूर्ण गार करावी आणि जखमेला लावायच्या पोव्हिडोन आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. अळंबीत स्टार्च नसतं, त्यामुळे निव्वळ अळंबी असेल तर पाणी तपकिरीच राहतं. निळं-काळं झालं तर आत धान्य आहे. तपासलेलं पाणी अर्थात ओतून द्यायचं. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत रिशीची म्हणून विकली जाणारी १९ उत्पादनं प्रयोगशाळेत नेली, तर लेबलाशी जुळणारी फक्त पाच निघाली.

महाराष्ट्रात रिशी बऱ्याच घरांत पोचली ती दुकानातून नाही, तर ‘गॅनोडर्मा’ या नावाने, साखळी पद्धतीने विकणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून. भाचा, सहकारी, सोसायटीतल्या काकू. नातं आड येतं म्हणून कोणी विचारत नाही. मधुमेह, कर्करोग यांसारख्या आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, दिवाणखान्यातल्या गप्पांना मात्र तो लागत नाही. पुरावे तपासून निष्कर्ष काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने रिशीबाबत दोनदा पाहणी केली. कर्करोगात ती मुख्य उपचार म्हणून वापरावी असा पुरावा नाही, आणि मधुमेहींच्या हृदयविकाराचा धोका ती कमी करते यालाही आधार नाही, असं त्यांतून निघालं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधं किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, शस्त्रक्रिया ठरली असेल, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना डब्याचं लेबल दाखवल्याशिवाय सुरुवात करू नये. ‘मी कॉफी घेते’ एवढं सांगून डॉक्टरांना काही कळत नाही.

इतका खटाटोप आणि खर्च नको असेल तर धिंगरी ही साधी अळंबी आहेच. राज्यात अनेक ठिकाणी शेतकरी गव्हाच्या काडावर ती पिकवतात. रानातली अळंबी मात्र ओळखणारं जाणतं माणूस सोबत असल्याशिवाय या कामाला घेऊ नये. ताज्या धिंगरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे किलोभर आणली तर भुकटी शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर मिळते. धुवायची नाही, फडक्याने पुसायची. देठ काढून हाताने उभी फाडायची आणि खालची पापुद्र्यांची बाजू वर करून कडक उन्हात पसरायची. सूर्यकिरणांतल्या अतिनील भागामुळे अळंबीतल्या अर्गोस्टेरॉलचं ड जीवनसत्त्व होतं, आणि पापुद्र्यांकडून ऊन जास्त पृष्ठभागाला लागतं. फेब्रुवारी ते मे हे दिवस चांगले. पावसाळ्यात हा उद्योग करू नये, बुरशीवर बुरशी चढते. तुकडा दुमडून पाहावा. वाकला तर आणखी एक ऊन द्यायचं, कट्‌कन मोडला तर मिक्सरला लावायचा. मिक्सर थांबल्यावर झाकण लगेच उघडू नये, दोन मिनिटं धूळ बसू द्यावी, नाहीतर शिंका आवरत नाहीत. भुकटी कोरड्या काचेच्या बरणीत भरावी आणि चमचा कोरडाच घालावा. कोकणातल्या दमट हवेत बरणी फ्रीजमध्ये बरी. धिंगरीच्या भुकटीला शिताकेइतकी चव नाही, पण आमटीला दाटपणा येतो, आणि पाच मिनिटांच्या उकळीत ती शिजते.